जुन्या घराचं वायरिंग तपासून घ्यायचंय? नाशिककरांनो, आधी हे वाचा

जुनं घर म्हणजे साधारण १९९० च्या आधी वायरिंग झालेलं घर असं मी धरतोय, मग तो पंचवटीतला वाडा असो, तिवंध्याकडचं दुमजली घर असो, सिडकोतलं पहिल्या योजनांमधलं घर असो नाहीतर देवळालीकडचं कौलारू बैठं घर. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, वायरिंग झालं तेव्हा घरात दोन पंखे, चार बल्ब, रेडिओ आणि फार तर एक इस्त्री चालायची. आज त्याच वायरवर फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर आणि वर आता इंडक्शन, एसी. आणि कोणी विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं, "लाइट लागतोय ना, मग काय प्रॉब्लेम आहे?" अहो, इन्सुलेशनचा (वरच्या रबर-प्लास्टिकच्या आवरणाचा) भुगा झालेल्या वायरवर पण बल्ब व्यवस्थित लागतो, हाच तर प्रॉब्लेम आहे. म्हणून माझं सांगणं एकच, वायरिंग नुसतं नजरेने बघून समाधान मानू नका, ते मोजून घ्या. मी अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तिथे मोटरी आणि केबल ठरल्या वेळी मेगर होतात (मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र), रजिस्टरला आकडे लिहिले जातात, आणि जिथे आपली पोरंबाळं झोपतात त्या घरात वायर टाकल्यापासून एकदाही कोणी आकडा घेतलेला नसतो, हे मला मनापासून खटकतं.

आधी हे बघा की तुमच्याकडे घाईचं काम आहे की सवडीचं. नळाला, फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येत असतील, बोर्ड हाताला कोमट लागत असेल, प्लास्टिक जळाल्यासारखा वास येऊन जात असेल, पंधरा अँपिअरच्या सॉकेटची भोकं काळी पडली असतील तर तो भाग आत्ताच बंद करा, तपासणी होईपर्यंत वापरू नका. आणि एक लक्षण लोक फार हलक्यात घेतात, घरातले काही दिवे एकदम मंद होतात आणि काही एकदम प्रखर. हे बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, ढिला झाल्याचं लक्षण असतं. थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरात किंवा वाड्यात न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब तुमच्या टीव्ही-फ्रिजवर येऊ शकतो. अशा वेळी मेन बंद करायचा आणि महावितरणच्या १९१२ नंबरला फोन लावायचा, कारण न्यूट्रल खांबावर किंवा सर्व्हिस वायरला सुटला असेल तर तो तुमच्या वायरमनने दुरुस्त करायचा नसतो.

यावरून जबाबदारीचं पण स्पष्ट करून घेऊ. खांबापासून मीटरपर्यंत महावितरण, मीटरच्या पुढे सगळं आपलं. मीटरचं सील कोणालाही तोडू देऊ नका, "दोन मिनिटांचं काम आहे साहेब" म्हणाला तरी नाही. आणि घरगुती कनेक्शनचं वायरिंग बघायला दरवर्षी कोणी सरकारी माणूस येत नाही, ते आपणच करून घ्यायचं असतं.

आता तुमच्या घरात कोणत्या काळातलं वायरिंग आहे ते ओळखा, कारण तपासणारा माणूस आला की पहिलं तेच विचारेल. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली वायर, गोल लाकडी ब्लॉकवर काळे बॅकेलाइटचे स्विच, असं असेल तर आत रबर इन्सुलेशनची वायर असण्याची शक्यता बरीच आहे. रबर वर्षानुवर्षं उष्णतेने वाळतं, कडक होतं आणि वायर जराशी वाकवली की तुकडे पडतात. अशा वायरिंगला दुरुस्ती नाही, ते बदलायचंच. त्यानंतरच्या काळात बऱ्याच घरांत पीव्हीसीची पण अॅल्युमिनियमची वायर आली. अॅल्युमिनियमचा त्रास जॉइंटला होतो, त्याच्यावर ऑक्साइडचा थर येतो जो वीज नीट जाऊ देत नाही, शिवाय स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबत जातं, गरम-गार होऊन जॉइंट ढिला होतो आणि ढिला जॉइंट म्हणजे उष्णता. बोर्ड कोमट लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. आणि ज्यांच्याकडे भिंतीतल्या पाइपातून तांब्याची वायर आहे त्यांनी पण निर्धास्त राहू नये कारण मधल्या तीस वर्षांत कोणी कुठे काय जोडलंय ते भिंतीआड असतं, दिसत नाही.

मीटरशेजारचा जुना लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, हा भाग मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो. दोन कारणं. एक, फ्यूजमध्ये जी बारीक वायर असायला हवी, पाच अँपिअरची म्हणजे साधारण ०.२ एमएमची, ती उडते म्हणून कोणीतरी जाड तार घालून ठेवलेली असते, म्हणजे फ्यूज नावालाच, आधी भिंतीतली वायर जळेल मग फ्यूज. दुसरं, जुन्या पद्धतीत फेजला (करंट आणणाऱ्या वायरला) आणि न्यूट्रलला दोन्हीकडे फ्यूज असायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, माणसाला वाटतं लाइट गेली आणि तो स्टुलावर चढून होल्डरला हात घालतो, पण फेज तिथे जिवंतच असतो. तुमच्याकडे हे असेल तर बाकी काही नंतर करा, हे आधी बदला.

तपासणारा माणूस बोलावण्याआधी घरात अर्धा तास काढून थोडी तयारी करा, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा, खोली, बोर्ड, कुठे काय चालतं. मग एकेक फ्यूज किंवा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद करत फिरा आणि कुठलं काय बंद झालं ते लिहा (फ्यूज असेल तर मेन बंद करून मगच फ्यूज काढायचा). बऱ्याच घरात असं निघतं की स्वयंपाकघर, बाथरूमचा गिझर आणि माळ्यावरचा दिवा सगळं एकाच फ्यूजवर आहे. मोठ्या वस्तूंचे वॅट पण लिहा, मागे स्टिकर असतो. २,००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपल्याकडे सकाळी सहा ते आठ गिझर, रॉड, मोटर सगळं एकदम चालू असतं, म्हणून बेरीज करताना ती जानेवारीची सकाळ धरा. लाइट बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो पण बघा, बेरीज त्याच्या फार पुढे जात असेल तर भार वाढवायचा अर्ज करावा लागेल. बोर्डाचे स्क्रू मात्र स्वतः खोलू नका. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मेली असं अजिबात नसतं.

आता माणूस कोण बोलवायचा. गल्लीतला वायरमन दादा चांगला असतो, पंखा बसवायला, बोर्ड बदलायला त्यालाच बोलवा, पण तपासणीसाठी महाराष्ट्र शासनाचं लायसन असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बघा आणि लायसनची मुदत संपलेली नाही ना ते विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. नवीन कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो तो पण अशाच कॉन्ट्रॅक्टरचा लागतो, त्यामुळे त्यांना हे काम नवीन नसतं. फोनवरच तीन प्रश्न विचारा, "मेगर आहे का, अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर आहे का, आणि आकडे लिहून सही-शिक्क्याचा रिपोर्ट देणार का?" पहिल्या प्रश्नाला जो "त्याची काही गरज नाही हो, मी बघूनच सांगतो" म्हणाला त्याला नमस्कार करून पुढचा नंबर लावा. आणि शक्य असेल तर तपासणीचे पैसे वेगळे ठरवा, कामाचे वेगळे. "वायरिंगचं काम मला द्या, तपासणी फुकट" या ऑफरमध्ये तपासणीचा निकाल आधीच ठरलेला असतो, सगळं बदला. आमच्या आत्याकडे एकाने अशीच फुकट तपासणी करून पूर्ण घराचं कोटेशन दिलं होतं, दुसऱ्याने मेगर लावला तर दोन लाइन खराब निघाल्या आणि बाकीच्या ठणठणीत.

तपासणीच्या दिवशी घरात कोणीतरी जाणतं माणूस हजर राहा आणि काय चाललंय ते बघत राहा. सुरुवात मेन बंद करण्यापासून, आणि इथे इन्व्हर्टर विसरू नका, मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि त्याच्या लाइनमध्ये पूर्ण २३० व्होल्ट राहतात. इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट पण सोडवून घ्या. सगळे प्लग काढा, बल्ब-ट्यूब काढा, टीव्ही-राउटर तर नक्कीच, कारण मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि नाजूक वस्तू त्याने जाऊ शकतात.

मग मेगर. प्रत्येक सर्किटच्या फेज-न्यूट्रल वायरी आणि अर्थिंग (गळका करंट जमिनीत नेणारी वायर) यांच्यात ५०० व्होल्ट एक मिनिट लावतात आणि इन्सुलेशन किती रोखून धरतंय ते मेगाओहममध्ये दिसतं. किमान १ मेगाओहम पाहिजे. चांगल्या वायरिंगचा आकडा दहापट-शंभरपट असतो, त्यामुळे १.२ आला म्हणून "पास" म्हणून खूश होऊ नका, त्या लाइनवर लक्ष ठेवा आणि पुढच्या वर्षी परत मोजा. ०.३, ०.१ असे आकडे आले तर ती लाइन त्याच दिवशी सोडवून ठेवायची. फेज आणि न्यूट्रलमधला आकडा पण घ्यायला लावा, पण मध्ये एखादा पंख्याचा रेग्युलेटर किंवा प्लग राहिला असेल तर आकडा उगाच कमी येतो, ते आधी बघा.

त्यानंतर काही बोर्ड उघडून बघायला सांगा, सगळे नको, मेन, स्वयंपाकघर, बाथरूमजवळचा आणि घरातला सगळ्यात जुना. आत चिकटपट्टी गुंडाळलेले जॉइंट, काळवंडलेले टर्मिनल, एका स्क्रूखाली चार-चार वायरी, उंदराने कुरतडलेलं, हे सगळं फोटो काढून ठेवा. माळ्यावर टॉर्च घेऊन नक्की चढायला लावा, उंदीर आणि गळकं कौल दोघांचं काम तिथेच चालतं. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर हेही प्रत्येक बोर्डला तपासायचं, जुन्या घरात हे उलटं सापडतं, म्हणजे बटण बंद पण होल्डरमध्ये करंट. वायरच्या रंगावर विसंबू नका, लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नियम खरा पण हातात जी वायर होती ती टाकली असं कित्येक ठिकाणी झालेलं असतं. वायरची जाडी विचारताना जुने मिस्त्री अजून "तीन-बावीस, सात-वीस" असं बोलतात, तुम्ही स्क्वेअर एमएममध्ये लिहून घ्या.

आता अर्थिंग. यावर मी जास्त बोलणार आहे कारण जीव जातो तो इथेच. थ्री पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. बऱ्याच घरात बोर्डपर्यंत हिरवी वायर येते आणि पुढे कुठेच जात नाही. जुन्या काळी अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधायचे, तेव्हा ते चालून जायचं, पण मधे प्लंबिंग बदललं, लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले आणि अर्थिंग त्याच दिवशी संपली, घरात कोणाला कळलं पण नाही. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत नळाचं काम झालं असेल तर हे मुद्दाम तपासून घ्या. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकणं. अर्थिंग नाही म्हणून केलेला जुगाड असतो, टेस्ट लॅम्प लावला तर दिवा पेटतो त्यामुळे अर्थिंग आहे असंच वाटतं, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट. हे दिसलं तर तिथल्या तिथे काढायला लावा.

मोजायचं कसं, तर दोन भाग. प्रत्येक सॉकेटच्या अर्थपासून मेनच्या अर्थपर्यंत सलगता आहे का, साधारण १ ओहमच्या आत आकडा यावा. आणि जमिनीतला इलेक्ट्रोड (अर्थिंगसाठी पुरलेला पाइप) किती ओहमचा आहे ते अर्थ टेस्टरने, घराला ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. आपल्या नाशिकमध्ये वरती काळी माती आणि खाली मुरूम-खडक, काळी माती ओली असताना चांगली साथ देते पण मे महिन्यात भेगा पडल्या की आकडा चढतो. म्हणून अर्थिंगचा खड्डा करायचाच असेल तर ओलाव्याची जागा बघा, मोरीचं पाणी जिरतं त्या बाजूला, पाइप निदान अडीच मीटर खोल, आणि वरून पाणी घालायची सोय ठेवा. दाटीच्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाला खड्डा जमणार नाही, मग चौकात एक चांगला खड्डा सगळ्यांनी मिळून करा. मालक-भाडेकरूंचे वाद कोर्टात चालू असले तरी एवढ्या एका गोष्टीला एकत्र या, सागवानी तुळया सगळ्यांच्या डोक्यावरून एकच जातात.

अर्थिंगइतकंच महत्त्वाचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो, दोन्ही वेगळे आणि दोन्ही पाहिजेत. घराला ३० मिलीअँपिअरचा घ्या, १०० चा माणसाला शॉकपासून वाचवायला पुरत नाही. फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला नाही म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून, हे ओळखून तो ३०० मिलीसेकंदांच्या आत सप्लाय तोडतो. अर्थिंग धड नसलेल्या घरात पण तो माणसातून जाणारा करंट ओळखतो, म्हणून बजेट अगदीच कमी असेल तर इथून सुरुवात करा. फक्त एक सांगून ठेवतो, जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच दिवशी तो सारखा पडायला लागतो, कारण न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रल तर हमखास. मग घरचे वैतागतात, वायरमन म्हणतो "काढून टाकू का?" काढू देऊ नका, तो पडतोय म्हणजे तुमच्या घरातली चूक दाखवतोय, एकेक सर्किट सोडवत ती शोधायला लावा, वेळ लागला तरी चालेल.

पूर येणाऱ्या भागाचं वेगळं. दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीकाठची मूर्ती, पुराची पातळी तिच्यावरून सांगतात) कंबरेला पाणी लागलं की गंगेकाठच्या लोकांना पुढचं सगळं माहीत असतं, २००८, २०१६, २०१९ आपण बघितलंय. ज्या बोर्डात पुराचं पाणी गेलं तो बोर्ड वाळवून परत वापरायचा नाही, आत गाळ बसतो आणि पुढच्या दमट हवेत तिथूनच करंट गळतो. स्विच, सॉकेट, एमसीबी बदलायचे, वायर मेगर केल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. आणि काम काढलंच आहे तर बोर्ड आणि सॉकेट पूर्वीच्या पाण्याच्या खुणेच्या वर न्या, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं करा म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढंच बंद करता येईल.

रिपोर्टमध्ये काय पाहिजे? प्रत्येक सर्किटचं नाव, वायरची जाडी आणि धातू, मेगरचा आकडा, अर्थचा आकडा, एमसीबी किती अँपिअरचा, आणि काय आज करायचं, काय पावसाळ्याआधी, काय घराचं काम निघेल तेव्हा. पैसे एकदम नसतील तर माझा क्रम असा राहील, आधी मेनवर डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) एमसीबी आणि आरसीसीबी, मग अर्थिंग, मग गिझर-किचन-मोटरला मेनपासून वेगळ्या तांब्याच्या लाइन, आणि दिवे-पंख्यांचं सगळ्यात शेवटी. वायर आयएसआय मार्कचीच, दिव्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५, गिझर-एसीला ४ स्क्वेअर एमएम. एमसीबी वायरप्रमाणे, १.५ ला १० अँपिअरपर्यंत, २.५ ला १६. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचाच प्रकार. वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीत पाइपासाठी झिरी मारू देऊ नका, त्या भिंतींना आधीच ओझं पेलवत नसतं, बाहेरून पीव्हीसी केसिंग पट्टी लावा, दिसायला थोडं कमी पण सुरक्षित आणि पुढे तपासायला सोपं. महापालिकेची धोकादायक घराची नोटीस आली असेल तर पूर्ण वायरिंगवर खर्च करू नका, फक्त मेन, आरसीसीबी आणि खराब लाइनी तोडणं एवढंच करा.

तपासणीची वेळ पण सांगतो. इन्सुलेशनची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये, भिंती आठ दिवस ओल्या असताना, आणि अर्थिंगची मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. दोन्ही जमलं तर छान, एकदाच जमणार असेल तर मी ऑगस्ट निवडेन. पंचवटीत २०२७ च्या सिंहस्थाला खोल्या पाहुण्यांना द्यायचा विचार ज्यांचा आहे त्यांनी मात्र थांबू नये, एका वाड्यात वीस माणसं, प्रत्येकाचा चार्जर, पाणी तापवायला रॉड, हा लोड पट्टीवरच्या वायरिंगचा नाहीच, आणि ऐन वेळी चांगला कॉन्ट्रॅक्टर मिळणार पण नाही. काम झाल्यावर परत एकदा मेगर करून नवे आकडे लिहून घ्या, त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. रिपोर्टची एक झेरॉक्स मेन बोर्डच्या दाराला आतून चिकटवा, एमसीबीवर मराठीत नावं टाका, आणि आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दर महिन्याला एकदा दाबा, सप्लाय लगेच गेला पाहिजे, नाही गेला तर तो आरसीसीबी त्याच दिवशी बदला.